सहा वर्षांच्या मुलीला न्यूमोनिया, डॉक्टर फुफ्फुसात दुर्बीण घालायची म्हणतात. सही करू का?

जोडमाग | गुरुवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून लिहितोय, मोबाईल १९ टक्क्यांवर आलाय, चुका पोटात घाला.

मुलगी सहा वर्षांची, पहिलीत आहे. वजन १७ किलो, आजाराआधी १८ होतं. आज तापाचा अकरावा दिवस. सुरुवातीला घराजवळच्या दवाखान्यात दाखवलं, व्हायरल आहे म्हणून सिरप दिलं. खोकला कोरडा, पण एकदा ढास लागली की पोर वाकून वाकून निळी व्हायची. पाचव्या रात्री पोट उडायला लागलं, नाकपुड्या फुलायला लागल्या, तशीच रिक्षात घालून इथं आणली. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, सोलापुरातलंच आहे.

एक्स-रेत डावीकडं खालचा भाग पांढरा आला. सेफ्ट्रिॲक्सोनची इंजेक्शनं चालू केली, तिसऱ्या दिवशी ॲझिथ्रोमायसिन जोडलं. ताप १०२ च्या खाली यायला तयार नाही. ऑक्सिजन दोन लिटरवर आहे, काढला की ८८. सोनोग्राफीत छातीत थोडं पाणी दिसलं, पण काढावं इतकं नाही म्हणाले. काल सीटी स्कॅन झाला. डॉक्टर सांगतात, डाव्या फुफ्फुसाचा खालचा भाग बसलाय, नळीत काहीतरी बूच बसल्यासारखं दिसतंय, बहुतेक घट्ट कफ असावा. उद्या सकाळी ब्रॉन्कोस्कोपी करू, आत बघू, निघेल तेवढं ओढून काढू आणि आतलं धुतलेलं पाणी तपासायला पाठवू.

फॉर्म हातात दिलाय. त्यावर ओळीनं लिहिलंय: ऑक्सिजन कमी होणे, रक्त येणे, फुफ्फुसातून हवा सुटणे, व्हेंटिलेटर लागणे. आणि सगळ्यात खाली एकच शब्द आहे, तो मी इथं लिहीत नाही. पेन तिथंच अडकलंय. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे. माग बंद पडला की उघडून बघायला मी कुणाला विचारत नाही. पण ही पोर आहे हो.

आणखी एक गोष्ट आहे, बायकोलाही सांगितलेली नाही. ॲडमिट करताना डॉक्टरांनी विचारलं होतं, खाताना कधी ठसका लागला होता का? आम्ही नाही म्हणालो. आज संध्याकाळी आई डबा घेऊन आली आणि जिन्यातच माझा हात धरून रडायला लागली. गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यातून उतरल्यावर तिनं पोरीला भाजलेले शेंगदाणे दिले होते. पोर पळत पळत खात होती, जोरात ठसका लागला, डोळे पांढरे झाले. आईनं पाठीत थापट्या मारल्या, मग ती रडली आणि परत खेळायला लागली. सून रागावेल म्हणून आईनं घरी सांगितलंच नाही. त्याला आता महिना होत आला. एवढ्या जुन्या गोष्टीचा या न्यूमोनियाशी संबंध असेल का? डॉक्टरांना सांगू का? सांगितलं तर सगळं खापर आईवर फुटणार, ते वेगळंच.

---

विजापूर वेस | रात्री ११.५२

भाऊ, सही करू नका. आजकाल साध्या कफालाही मशीन लावतात, बिल वाढवायचे धंदे. आमच्या लहानपणी पोट उडायला लागलं की बिब्ब्याचा चटका द्यायचे, दोन दिवसांत पोर खेळायला लागायचं. आमच्याकडं एक म्हातारी बाई अजून देते, पत्ता पाठवू का?

---

निवृत्त ओटी सिस्टर | रात्री १२.०४

विजापूर वेस, तो पत्ता तुमच्यापाशीच ठेवा. अठ्ठावीस वर्षं मी ऑपरेशन थिएटरमध्ये काढली. पोटावर बिब्ब्याचे चार-चार डाग घेऊन, निळी पडून आलेली पोरं या हातांनी टेबलावर घेतलीत. जी खेळायला लागली ती तुम्हाला आठवतात, बाकीची आम्हाला.

जोडमाग दादा, पुढचं वाचायच्या आधी उठा आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरला शेंगदाण्याचं सांगा. सकाळी राउंडला सांगतो म्हणू नका, आत्ताच. शेंगदाणा असेल तर उद्याची सगळी मांडणीच बदलते. नुसता कफ बघायचा असेल तर वाकणारी बारीक दुर्बीण लागते. अडकलेली वस्तू काढायला बहुतेक वेळा सरळ, धातूच्या नळीची दुर्बीण आणि लांब चिमटे लागतात, पूर्ण भूल लागते. तो सेट निर्जंतुक करून टेबलावर तयार पाहिजे, ते काम करणारे सर्जन उभे पाहिजेत. पोर टेबलावर, आत दाणा दिसला आणि चिमटा कपाटात, असा प्रसंग मी बघितलाय. नको तो.

आईचं नाव घ्यायची गरज नाही. 'महिन्यापूर्वी शेंगदाणे खाताना ठसका लागला होता, आम्हाला आज आठवलं,' एवढं पुरे. डॉक्टरला दाणा हवा असतो, दाणा कुणी दिला ते नको असतं.

---

हुतात्माचा पास | रात्री १२.१५

सिस्टर म्हणतात ते शंभर टक्के. माझा मुलगा दोन वर्षांचा असताना तीन महिने बालदमा म्हणून औषधं चालली. रोज रात्री वाफेचं मशीन, छातीत एकाच बाजूला शिट्टी. एक्स-रे बघून प्रत्येक जण ठीक आहे म्हणायचा. शेवटी पुण्यात दुर्बीण घातली, उजव्या नळीत अर्धा शेंगदाणा निघाला, सालासकट. डॉक्टरांनी छोट्या बाटलीत घालून दिला, अजून कपाटात आहे. पाहुणे आले की बायको दाखवते, मला नाही बघवत.

आपल्या गावात शेंगा चटणीशिवाय ताट वाढत नाहीत, दाणे प्रत्येक घरात सांडलेले असतात, त्यामुळं मी तर म्हणतो तुमच्या पोरीलाही तेच असणार. माझं ऐका, सकाळी ॲम्ब्युलन्स करून सरळ पुणे गाठा.

---

तपासणी टेबल | रात्री १२.३८

मी बालरोगतज्ज्ञ आहे. मूल तपासलेलं नाही, त्यामुळं हे माझं निदान समजू नका. निर्णय तुमच्यासमोर असलेल्या डॉक्टरांचाच.

आधी पुण्याचं. अडीचशे किलोमीटर, दोन लिटर ऑक्सिजनवरचं मूल, वाटेत टेंभुर्णी-भिगवणच्या मध्ये श्वास अडकला तर गाडीत कोण काय करणार? इथं लहान मुलांच्या मापाची दुर्बीण, ती नेहमी वापरणारा माणूस, मुलांना भूल देण्याचा सराव असलेला भूलतज्ज्ञ आणि मुलांचं आयसीयू असेल तर हलवू नका. यातलं एक जरी नसेल तर हलवा, पण डॉक्टर सोबत असलेल्या ॲम्ब्युलन्सनं. हे चार प्रश्न सकाळी तोंडावर विचारा, कुणी रागावत नाही. रागावला तर तेही उत्तरच आहे.

शेंगदाण्याबद्दल. तो एक्स-रेत दिसत नाही. दिसतो त्याचा परिणाम. अर्धवट अडकला तर हवा आत जाते पण बाहेर येत नाही, तो भाग फुगतो. पूर्ण अडकला तर भाग बसतो आणि त्यात न्यूमोनिया होतो. शिवाय दाण्याच्या तेलानं नळीला आतून सूज येते, ओलाव्यानं दाणा फुगतो आणि मऊ पडतो, चिमट्यात धरला की तुकडे होतात. म्हणून महिन्यापूर्वीचा ठसका जुना नसतो. श्वासनलिकेची दुर्बीण जन्मालाच मुळी अडकलेलं काढायला आली. १८९७ साली जर्मनीत फ्रायबर्गला गुस्ताव किलियन यांनी एका शेतकऱ्याच्या नळीतून हाडाचा तुकडा काढला, तो सरळ नळी घालूनच. वाकणारी दुर्बीण १९६० च्या दशकात जपानच्या शिगेतो इकेदांनी आणली.

पण हुतात्मा, तुम्हाला दाणा निघाला म्हणून प्रत्येकाला निघेल असं नाही. सहा वर्षांची मुलगी, कोरडी ढास, उतरत नसलेला ताप, सेफ्ट्रिॲक्सोनला दाद नाही, हे वाचून माझ्या डोक्यात पहिलं नाव मायकोप्लाझ्माचं आलं. सेफ्ट्रिॲक्सोन जंतूची भिंत बांधू देत नाही. या जंतूला भिंतच नसते, मग औषध पाडणार काय? ॲझिथ्रोमायसिन त्याच्यावर चालतं, पण काही जंतू त्यालाही दाद देत नाहीत. यात काही मुलांच्या नळ्यांत इतका चिवट कफ साचतो की खोकून येतच नाही.

आता दुर्बिणीनं नक्की काय होतं ते. साध्या न्यूमोनियात ती कुणी घालत नाही आणि घालूही नये, बहुतेक मुलं औषधावर बरी होतात. तुमच्याकडं तीन कारणं एकत्र आलीत: भाग बसलाय, औषध चालत नाही आणि नळीत काहीतरी दिसतंय. मुलांची नेहमीची दुर्बीण २.८ मिलिमीटर जाड असते आणि कफ ओढायचं भोक १.२ मिलिमीटरचं. त्यातून घट्ट कफ ओढणं म्हणजे स्ट्रॉनं चक्का ओढणं. म्हणून कोमट सलाईन सोडून, सैल करून, थोडं थोडं ओढतात. तपासणीसाठी सलाईन साधारण किलोला एक मिली, म्हणजे तुमच्या मुलीला एका वेळी १७, असं तीनदा. सगळं परत येत नाही, उरलेलं फुफ्फुस शोषून घेतं, त्याला घाबरू नका. बूच निघालं तर वाट मोकळी होते. आतली सूज मात्र दुर्बिणीनं जात नाही, ती औषधानं आणि दिवसांनीच जाते. टेबलावरून उतरली की पोर पळायला लागेल या अपेक्षेनं सही करू नका.

सही करण्याआधी एकच गोष्ट जास्तीची विचारा: 'या पाण्याचा रिपोर्ट आल्यावर तुम्ही औषधात काय बदलणार?' डॉक्टरांकडं याचं उत्तर तयार असेल तर निर्धास्त राहा.

घरात कुणाला टीबी झाला होता का, हेही आठवून सांगा. गाठी सुजून बाहेरून नळी दाबतात, तेव्हाही भाग बसतो. त्यासाठी मात्र दुर्बीणच हवी असं नाही, सकाळी उपाशीपोटी नाकातल्या नळीनं पोटातलं पाणी काढून सीबीनॅट ही टीबीची तपासणी करता येते.

---

निवृत्त ओटी सिस्टर | रात्री १२.५५

डॉक्टर सांगत नाहीत ती बारीकसारीक मी सांगते. नखांना नेलपॉलिश असेल तर रात्रीच पुसा, बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र चुकीचं दाखवतं. सहा वर्षांची म्हणजे पुढचा दात हलत असेल. असेल तर भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा, कारण मशीन तोंडात असताना पडला तर आणखी एक वस्तू आत. जेवण-दूध सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, पण वेळ तुमच्या सिस्टर सांगतील तीच पाळा. पोर रडली म्हणून कुणी चमचाभर दूध पाजलं तर ते लपवू नका, उलटी होऊन फुफ्फुसात जाते.

नंतर घसा बधिर असतो, दोन तास काही द्यायचं नाही. पहिला घोट पाण्याचा, चमच्यानं, बसवून. रात्री ताप चढेल, कफात रक्ताची रेघ दिसेल, आवाज बसेल. एवढं चालतं. श्वास वाढला, ओठ काळे पडले किंवा रक्त रेघेपेक्षा जास्त आलं तर लगेच बोलवा.

---

जोडमाग | शुक्रवार, पहाटे १.२०

सांगितलं. ड्यूटीवरच्या मॅडम नुसत्या हं म्हणाल्या आणि लगेच मोठ्या सरांना फोन लावला. सीटी परत उघडून बघितला. सरळ दुर्बिणीचा सेट तयार ठेवणार आहेत, कान-नाक-घशाच्या सर्जननाही बोलावलंय. कुणी 'आधी का नाही सांगितलं' असं एका शब्दानं विचारलं नाही. मीच दोनदा माफी मागितली.

चारही प्रश्न विचारले. सर म्हणाले, इथं सगळं आहे, व्हेंटिलेटर शेजारी ठेवून करतो. दात हलतोय, खालचा पुढचा. सिस्टर, तुम्ही सांगितलं नसतं तर माझ्या डोक्यात आलंच नसतं. नेलपॉलिशही होतं, गुलाबी, आत्याच्या साखरपुड्याचं. बायकोनं टॉर्च लावून पुसलं.

सही केली.

---

कंबर तलाव | शुक्रवार, सकाळी ८.१०

पोरीसाठी सिद्धरामेश्वराला नारळ बोलले दादा. मध्येच विचारते, माझं बाळ दहा महिन्यांचं आहे, सर्दी-खोकला आहे. श्वास जास्त आहे हे घरी कसं ओळखायचं?

---

तपासणी टेबल | शुक्रवार, सकाळी ८.३५

बाळ शांत असताना किंवा झोपेत, अंगावरचा कपडा वर करून, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोट मोजा. दोन महिने ते एक वर्ष: ५० किंवा जास्त म्हणजे दाखवा. एक ते पाच वर्षं: ४० किंवा जास्त. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६०. आकडा कमी असला तरी बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, दूध ओढत नसेल किंवा मलूल असेल तर मोजत बसू नका, निघा. आणि न्यूमोकॉकलची लस झालीय का कार्डावर बघा. दीड महिना, साडेतीन महिने आणि नववा महिना असे तीन डोस, २०२१ पासून देशभर सरकारी केंद्रात मोफत आहेत.

---

जोडमाग | शुक्रवार, दुपारी ३.४५

झालं. नऊला आत नेली, दहाला दहा कमी असताना बाहेर आणली. मधे एकदा ऑक्सिजन ८४ झाला होता, दुर्बीण काढून घेतली, मास्क लावला, वर आल्यावर परत घातली, असं सरांनी स्वतःहून सांगितलं.

शेंगदाणा नव्हता.

सरांनी स्क्रीनवरचा फोटो दाखवला. नळीचं तोंड गुलाबी, सुजलेलं, आणि मधोमध पांढरं काहीतरी रुतून बसलेलं. ते निघालं तसं बाटलीत दाखवलं. मी रोज सूत बघणारा माणूस, मला ते ओल्या सुताच्या गुंत्यासारखं दिसलं. सलाईनमध्ये मोकळं झाल्यावर त्याला फांद्या होत्या. नळ्या जशा फुटत जातात तसाच त्याचा साचा तयार झाला होता, बोटाच्या दोन पेरांएवढा. सर म्हणाले, हे खोकून कधीच निघालं नसतं. तीन बाटल्यांत पाणी भरून, नाव लिहून लॅबला गेलं.

पोर शुद्धीवर आल्यावर पाणी पाणी करत होती, आवाज बदकासारखा झालाय. दोन तास काढणं हे त्या फॉर्मपेक्षा जड गेलं. ११.५५ ला पहिला चमचा दिला.

---

हुतात्माचा पास | शुक्रवार, संध्याकाळी ७.०२

चला, मी चुकलो, बरं झालं. आईंना सांगितलंत का?

---

जोडमाग | दोन आठवड्यांनंतर, रविवार

उशिरा लिहितोय, माफ करा. त्या रात्री सिस्टर म्हणाल्या तसा ताप चढला, १०३. मी घाबरलो नाही असं म्हणत नाही, पण वाट बघत बसलो. तिसऱ्या दिवशी सर छातीला स्टेथोस्कोप लावून म्हणाले, खाली हवा जातेय. पाण्याच्या रिपोर्टात मायकोप्लाझ्मा आला. टीबी नाही. सेफ्ट्रिॲक्सोन बंद केलं, डॉक्सिसायक्लिन आणि थोडे दिवस स्टेरॉइड दिलं. म्हणजे 'काय बदलणार' याचं उत्तर खरंच मिळालं. पाचव्या दिवशी ऑक्सिजन निघाला, आठव्या दिवशी घरी. एक्स-रे अजून पूर्ण साफ नाही, महिन्यानं परत काढायचाय. जिना चढली की अजून धापते.

आईचं विचारलंत. त्याच दुपारी तिला फोटो दाखवला. तिनं चष्मा पुसून मोबाईल डोळ्याजवळ धरला, बोटांनी मोठा करून कोपरे बघितले आणि तेलुगूत तीनदा एकच विचारलं, दाणा नाही ना? नाही म्हणालो. तरी घरी जाऊन तिनं उखळ धुवून पालथं घातलं, पंधरा दिवस चटणी नाही. शेवटी बायकोनंच म्हटलं, अत्ता (आमच्यात सासूला अत्ता म्हणतात), कोरडी भाकरी किती दिवस खायची? जत्रेचं सगळं तिला तोवर माझ्याकडून कळलं होतं. ती रागावली, पण माझ्यावर, सांगितलं नाही म्हणून.

---

निवृत्त ओटी सिस्टर | रविवार, रात्री ९.३०

आणि दात?

---

जोडमाग | रविवार, रात्री ९.४१

भूलतज्ज्ञांनी हलवून बघितला होता, टिकेल म्हणाले, टिकला. परवा घरी पडला. कडक भाकरी.